तपकिरी बटणं

सभागृहाच्या भिंतीवर, प्रोजेक्टरच्या उजेडात, आमच्या घरचा टेबलक्लॉथ दिसला. निळ्या चौकटींचा, कोपऱ्यात इस्त्रीचा डाग पडलेला. मला आधी त्या डागाचीच लाज वाटली. घरी मी त्यावर नेहमी पाण्याचा जग ठेवते, आणि इथे तो सगळ्या शिक्षकांसमोर, मुख्याध्यापकांसमोर, शिक्षण कचेरीतून आलेल्या साहेबांसमोर ताटाएवढा होऊन बसला होता. मग डागाच्या शेजारची बटणं दिसली. ओळीत मांडलेली, रंगीबेरंगी, शर्टाची, झग्याची, कोटाची. ती माझी बटणं होती, म्हणजे ते माझं वेळापत्रक होतं. हे कळायला मला फार वेळ लागला असं वाटलं, पण तेवढ्यात साहेबांचं वाक्यही पुरं झालं नव्हतं. ते म्हणत होते, पाच शिक्षक कमी केले तर शाळा चालणारच नाही असं तुमची संघटना सांगत आली, तर हे बघा, चालते, आणि हे आम्ही कचेरीत बसून केलेलं नाही, तुमच्याच शाळेतून आलंय. खुर्च्या करकरल्या. पुढच्या ओळींतली डोकी एकेक करून मागे वळली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी टेबलक्लॉथकडे.

माझी बटणं इथल्या प्रत्येकाला ओळखू येतात, हीच तर पंचाईत. मी गणित शिकवते, आणि शाळेचं वेळापत्रकही गेली कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात आहे. माझ्या आधीचे सर ते पेन्सिल-रबराने करायचे आणि करताना सगळ्या शिक्षकवर्गाला शिव्या घालायचे. मला शिव्या जमेनात. मी चिठ्ठ्या केल्या, त्या पंख्याने उडाल्या. मग शिवणाच्या बाईंनी त्यांच्या वर्गातला बटणांचा डबा आणून माझ्यापुढे ओतला. एका शिक्षकाला एक जात, आणि त्याचे आठवड्यात जितके तास तितकी त्या जातीची बटणं. आडव्या ओळींत वर्ग, उभ्या ओळींत तास. एका उभ्या ओळीत एकच बटण दोनदा आलं की चुकलं, कारण माणूस एका वेळी दोन वर्गांत उभा राहू शकत नाही. इतकं सोपं. वर्ष सुरू व्हायच्या आधी शिक्षकखोलीतलं मोठं टेबल मी अडवून बसते, आणि मग एकेकाला नेमकं त्याच टेबलाशी काम निघतं. कुणी स्टेपलर शोधतो, कुणी चष्मा. चित्रकलेचे सर दर वर्षी कुरकुरतात की त्यांचं फिकट हिरवं बटण आजारी दिसतं. मुख्याध्यापकांना मी ओव्हरकोटाचं मोठं काळं दिलंय, ते त्यांना मनातून आवडतं. शिवणाच्या बाईंचं मोतिया. आणि इतिहासाच्या सरांचं तपकिरी, चार भोकांचं, जाडजूड. इतिहासाचे सर म्हणजे आमच्या शिक्षक संघटनेचे चिटणीस, म्हणजे माझा नवरा.

तो व्यासपीठावर साहेबांच्या डावीकडे बसला होता. भिंत त्याच्या पाठीमागे होती, त्यामुळे चित्र बघायला त्याला मान वळवावी लागली, आणि ती त्याने वळवली तेव्हा मला त्याचा फक्त कान दिसला. तो लाल झाला होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाचा कान पुरतो. त्याला हे चित्र इथे दिसेल अशी कल्पना नव्हती. त्याला वाटलं असणार, कचेरीतला कुणीतरी कारकून हे नीट कागदावर उतरवून घेईल, रेघा मारेल, शिक्का मारेल, आणि मग ते कुणाचंच राहणार नाही. पण साहेब आळशी निघाले. त्यांनी मोबाइलवर आलेला फोटो जसाच्या तसा भिंतीवर टाकला, डागासकट. आमच्या घरात आम्ही दोघंच राहतो. तेव्हा फोटो कुणी काढला, हे गणित पहिलीतल्या पोरालाही सुटलं असतं. माझ्या शेजारी शिवणाच्या बाई बसल्या होत्या. बाई म्हणतेय ती लोकांसाठी. माझी ती मैत्रीण, या शाळेत मी ज्या पहिल्या माणसाशी बोलले ते माणूस. तिचा हात इतका वेळ माझ्या खुर्चीच्या दांडीवर होता. तिने तो उचलला आणि मांडीवर ठेवला. काही झटकलं नाही, तोंड फिरवलं नाही, नुसता हात काढून घेतला. त्यापेक्षा तिने चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती तर बरं झालं असतं.

मग नवरा माइकपाशी आला. त्याचा आवाज चांगला आहे, आमच्या पहिल्या संपात मी त्या आवाजावरच भाळले. तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही सतरंजीवर बसायचो, आणि तो उभा राहून बोलायला लागला की रस्त्यावरून जाणारी माणसं सायकली थांबवायची. मागे एकही माणूस सुटता कामा नये, असं तो म्हणायचा. एकाला हात लावलात तर सगळ्यांना लावलात. मी तेव्हा नवीन होते, माझीच नोकरी कच्ची होती, आणि ते वाक्य तो माझ्याकडे बघून बोलतोय असं मला वाटायचं. नंतर त्याने कबूल केलं की तो बघतच होता. आत्ता तोच आवाज सांगत होता की संघटना शेवटपर्यंत लढली, पण कचेरीने वेळापत्रकच समोर ठेवल्यावर आमचा मुद्दाच उरला नाही. निदान बाकीच्यांच्या पगाराला धक्का लागणार नाही एवढं तरी पदरात पाडून घेतलं आहे. मग त्याने जड अंतःकरणाने, हे त्याचेच शब्द, जाणाऱ्या जागा सांगितल्या. चित्रकला, व्यायाम, दोन हंगामी शिक्षक. आणि शिवण. शिवण म्हणताना तो आमच्या ओळीकडे बघणार नाही हे मला आधीच ठाऊक होतं, आणि त्याने नाहीच बघितलं.

शिवण ऐकलं आणि मी पुन्हा भिंतीकडे पाहिलं, कारण शिवण असं मी काही केलं नव्हतं. मोतिया बटण मी काढलं नव्हतं. मला पक्कं आठवत होतं. तिचं पदवीचं शिक्षण भाषेचं आहे, शिवणाबरोबर ती लहान वर्गांना भाषा शिकवू शकते, म्हणून तर माझं गणित सुटलं होतं. आता भिंतीवर बघते तो मोतिया एकही नाही. जिथे जिथे मोतिया असायला हवं तिथे तिथे तपकिरी. चार भोकांचं, जाडजूड. पाचवीच्या शिवणाला तपकिरी, सहावीच्या भाषेला तपकिरी. एखाद्या ओळखीच्या घरात जावं आणि दार भलत्याच माणसाने उघडावं तसं मला झालं.

मी हे घरी मांडलं तो रविवार. त्याच्या आधीच्या आठवड्यात नवऱ्याने मला सांगितलं होतं की कचेरी पुरावा मागतेय; पाच माणसं कमी करून शाळा चालत नाही हे दाखव. तू वेळापत्रक मांड, ते कोसळू दे, आपण त्यांच्या तोंडावर मारू. मी मांडलं. ते छान कोसळलं. सातवी ब तर दुपारनंतर पोरकीच झाली. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातलं माणूस थांबलं असतं. पण आम्हा मास्तर लोकांना फळ्यावर अर्धवट सोडलेलं गणित झोपू देत नाही, मग ते गणित आपल्याच मुळावर आलेलं का असेना. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी सहज बसले. सहजच म्हणायचं. समजा हे दोन वर्ग हॉलमध्ये एकत्र बसवले. समजा हंगामी दोघं नाहीत. समजा मुख्याध्यापकांनी दहावीचा इतिहास घेतला, त्यांना येतो. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, बटणांच्या छोट्या सावल्या पडल्या होत्या, आणि माझी बोटं आपली आपण चालत होती. त्या वेळात मला कुणाची नोकरी आठवली नाही. मला चित्रकलेचे सर आठवले नाहीत, फिकट हिरवं बटण तेवढं नडत होतं, ते काढलं. शेवटचं बटण जागेवर बसलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली आणि नवऱ्याला हाक मारली, बघ, बसलं. या वयात पोरीसारखी.

तो हातात पेपर घेऊन आला. बराच वेळ बघत उभा राहिला. तू म्हणजे कमाल आहेस, असं म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग हसत विचारलं, माझं कुठंय? मी वर न बघताच सांगितलं, बशीत. काढलेली बटणं मी चहाच्या बशीत टाकत होते, आणि तपकिरी सगळ्यात तळाशी होतं, कारण मी सुरुवातच त्याच्यापासून केली होती. संघटनेच्या कामामुळे त्याला तास आधीच कमी. त्याला काढणं सगळ्यात सोपं, तासाभराचाही खोळंबा होत नाही. हेही मी त्याला सांगितलं, वर हसून. तो पण हसला. मोडते आता, कुणी बघायला नको, मी म्हणाले. तो म्हणाला, राहू दे गं थोडा वेळ, बघू दे मला. मला ते इतकं आवडलं की मी भाजी आणायला बाहेर पडले आणि रस्ताभर तेच घोळवत राहिले. परत आले तर टेबल साफ. बटणं जातवार लावून डब्यात. तुझा त्रास वाचवला, असं म्हणाला. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा कप उचलून मोरीत ठेवला नाही, त्याने ढीगभर बटणं वेचून ठेवली. मी भाजी तशीच टाकली आणि त्याच्यासाठी पुन्हा चहा केला. चहा पिताना तो मला पालेभाजीचे भाव विचारत होता.

आता ते सगळं मला भिंतीवर पुन्हा बघता येत होतं. मी जिना उतरले असेन तोवर त्याने बशी आणि जास्तीच्या बटणांचा डबा ओढून घेतला असेल. मोतिया एकेक उचललं, तपकिरी एकेक ठेवलं. किती शांतपणे केलं असेल. मला वाटत होतं की मी ओरडेन, उठून निघून जाईन, निदान रडू तरी फुटेल. तसलं काहीच झालं नाही. मला आठवत राहिलं ते भलतंच. आमच्या घरी ती जेवायला आली की हाच नवरा आग्रह करकरून तिला वाढतो. तिचा नवरा गेला तेव्हा कचेरीत खेटे घालून त्याचे कागद यानेच पुरे केले. तिच्या घरात कमावणारी ती एकटी, लेक अजून शिकतेय, हे त्याला माझ्याइतकंच माहीत. आणि तरी त्याने पन्नास माणसांतून तिलाच का निवडलं, हे मला कळत होतं, हेच वाईट. रागाने नाही. मोतिया बटण त्याला ओळखू येत होतं, बाकीच्यांची बटणं त्याला नीट ठाऊक नव्हती. घरचं माणूस म्हणून तिला काढलं.

आणि मग मला ती चूक दिसली. बघायची म्हणून बघितली नाही, ती दिसतेच. त्याने तिचे तास घेतले, पण दहावीचा इतिहास त्याचा जीव की प्राण, तो काही मुख्याध्यापकांकडे सोडवेना. तेव्हा काळी बटणं काढून तिथेही त्याने तपकिरीच लावली. बुधवारच्या सहाव्या तासाच्या उभ्या ओळीत दोन तपकिरी बटणं होती. एक दहावीत, एक पाचवीच्या शिवणाला. एकाच वेळी दोन सभांना हजर असल्याचा भास निर्माण करण्यात त्याची हयात गेली, पण बटणांना भाषण करता येत नाही. ते वेळापत्रक चुकलेलं होतं. या हॉलमध्ये ते फक्त मला दिसत होतं. कचेरीत कुणी तपासलं नसणार, तिथे उत्तर दिसलं की वरच्या पायऱ्या कुणी बघत नाहीत.

साहेब विचारत होते, कुणाला काही बोलायचंय का. नसेल तर आपण पुढे जाऊ. मी उभी राहिले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. पाहुण्यांसमोर मी काही भलतंच बोलायला लागले की तो असं बघतो, विनवणी आणि दटावणी एकत्र करून. मी म्हणाले की या वेळापत्रकात इतिहासाचे सर बुधवारी सहाव्या तासाला दहावीतही आहेत आणि त्याच वेळी पाचवीला शिवणही शिकवतायत. हॉलमध्ये आधी कुणीतरी एकट्याने हसलं, मग सगळेच हसले. इतका वेळ कोंडलेलं हसू होतं ते. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. साहेब भिंतीपाशी गेले, बोट लावून उभी ओळ बघितली, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. पण मुरलेले होते. किरकोळ चूक दिसतेय, ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, बाई, हे तुम्हीच केलंय ना? मग एवढं दुरुस्त करून द्या.

दुरुस्ती माझ्या डोक्यात तयारच होती. नुसती तयार नाही, ती मला डोळ्यांपुढे दिसत होती, ऊन पडलेली, सावल्यांसकट. पुढे जाऊन भिंतीवर बोटाने दाखवायचं, तपकिरी सगळी बाहेर, मोतिया आत. सुटलं. शिवण राहील, इतिहास जाईल. शेजारी बसलेली माझी मैत्रीण राहील, समोर बसलेला माझा नवरा जाईल, आणि त्याने काय केलं ते मला शब्दानेही सांगावं लागणार नाही. बटणंच सांगतील. मला ते करायचं होतं, खोटं कशाला बोलू. त्याला माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण त्याने डोळे मिटले. पण चित्रकलेचे सर तिसऱ्या ओळीत बसले होते. हसून झाल्यावर त्यांनी मान पुढे काढली होती, उत्तराची वाट बघत. त्यांचं बटण त्या उत्तरातही बाहेरच होतं. व्यायामाचे सरही. ती हंगामी पोरंही. आणि आयुष्यभर ज्या वर्गासमोर मी उभी राहिले त्या प्रत्येक वर्गाला मी हेच शिकवलं की येत असलेलं उत्तर लपवायचं नाही.

"दुरुस्त होत नाही ते," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"एक जागा लावली की दुसरी तुटते. पाच माणसं काढून ही शाळा चालत नाही. हे मी त्याचसाठी मांडलं होतं, चालत नाही हे दाखवायला. कुणीतरी अर्ध्यावरच फोटो काढला."

माझा आवाज अगदी वर्गातला निघाला. साहेबांनी मला पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हणाले, नक्की. मला जाणवलं की हॉलमधल्या कुणाचाच माझ्यावर विश्वास बसत नाहीये. बाई कधी हरल्या नव्हत्या. एका वर्षी भिंत पडून दोन खोल्या गेल्या तेव्हाही बाईंनी वेळापत्रक बसवून दाखवलं होतं. माझ्या मैत्रिणीनेही मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात प्रश्न होता. एवढ्यात माइक खरखरला.

"हेच आम्ही पहिल्या दिवसापासून सांगतोय," नवरा म्हणाला.

तो उभा राहिला होता. रंग परतला होता, खांदे ताठ झाले होते. एका दमात तो त्या जुन्या आवाजात शिरला. आमच्या शाळेतली सगळ्यात हुशार शिक्षिका सांगतेय की हे होत नाही, आणि तुम्ही अर्धवट फोटो दाखवून आमच्या पोटावर पाय देताय? इतिहासाच्या मास्तराला शिवण शिकवायला लावताय? पुन्हा हशा. मागे एकही माणूस सुटता कामा नये, तो म्हणाला, आणि एकाला हात लावलात तर सगळ्यांना लावलात, असं म्हणाला. लोक टाळ्या वाजवायला लागले, मग उठून उभे राहिले. साहेब संगणकाची वायर काढू लागले. टेबलक्लॉथ विझला. प्रस्ताव तूर्त मागे घेतो, कचेरीत पुन्हा विचार करू, असं ते म्हणाले, पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. जो तो व्यासपीठाकडे निघाला होता. माझ्या लक्षात आलं की मीही टाळ्या वाजवतेय. हात आपले आपण वाजत होते.

गर्दीतून वाट काढत तो माझ्यापर्यंत आला. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, तो मान हलवून सगळ्यांना हसत होता. माझ्या कानाशी वाकला. वाचवलंस, असं म्हणाला. मग अगदी हळू, तोंडावरचं हसू तसंच ठेवून, म्हणाला, "तू माझंच पहिलं काढलंस ना त्या दिवशी, ते फार लागलं गं." आणि कुणीतरी ओढलं म्हणून तो गेला. मला त्याच्या पाठीमागे जाऊन सांगायचं होतं की ते गणित होतं, त्यात तू नव्हतास. पण मग मला वाटलं, नव्हता का? एवढी माणसं समोर असताना माझं बोट पहिल्यांदा त्याच्यावर गेलं, आणि अजिबात अडखळलं नाही. याचा हिशोब मला तिथे उभ्या उभ्या लागेना. त्याने माझ्यामुळे दुखावून तिला विकलं, आणि मी त्याला वाचवायला तोंड उघडलं नव्हतं, पण तो वाचला, आणि आता रोज संध्याकाळी तो समोर बसून जेवेल आणि मी वाढेन. तो समजेल की मी त्याच्यासाठी खोटं बोलले. मी त्याला खरं सांगू शकणार नाही, कारण खरं सांगायचं तर ते वेळापत्रक सुटतं हे त्याला ठाऊक असलेलंही पुन्हा बोलावं लागेल, आणि ते आता मला कुणापुढेच बोलता येणार नव्हतं. घरातसुद्धा नाही. घरात तर मुळीच नाही.

हॉल रिकामा होत आला. खुर्च्या वेड्यावाकड्या पडल्या होत्या. माझी मैत्रीण तिथेच थांबली होती, पदराने डोळे टिपत. मला बघून तिने दोन्ही हातांनी माझा दंड धरला, घट्ट, जसा आम्ही त्या पहिल्या संपात धरायचो. म्हणाली की मघाशी क्षणभर तिच्या मनात भलतंसलतं आलं, मी मनावर घेऊ नये. मी म्हणाले, छे, मनावर काय घ्यायचं. ती हसली, नाक ओढलं, व्यासपीठाकडे बघितलं. तिथे अजून घोळका होता आणि घोळक्याच्या मधोमध तो होता.

"तुझ्या नवऱ्याचे फार उपकार आहेत बाई माझ्यावर," ती म्हणाली. "मला आत्ता बोलता यायचं नाही. तू सांग त्यांना."

"सांगते," मी म्हणाले.